रानडुकराला मॅग्नम कशाला?

परवा एका पोराने विचारलं, "काका, परदेशातलं शॉर्ट मॅग्नम काडतूस भारी की साधं?"

माझं मत साधंच. .३०० विन्चेस्टर शॉर्ट मॅग्नम २००१ साली आलं. आखूड, जाड काडतूस, पण दारू जास्त. तेवढ्याच वजनाची गोळी .३०८ पेक्षा सेकंदाला सुमारे ३०० फूट जास्त वेगाने जाते. धक्काही जास्त बसतो. हा वेग लांबच्या नेमाला कामाचा. आपलं डुक्कर दिसतं पन्नास पावलांवर. तिथं आपली .३१५ पुरून उरते.

पण विठ्ठलवाडीत बांधापलीकडे इमारती आणि रेल्वे. साधी गोळीही चुकली तर काही किलोमीटर जाऊ शकते. इथं दोन्ही नकोत, कुंपणच बरं. बाकी ठिकाणीही वनखात्याची लेखी परवानगी नसेल तर १९७२ च्या कायद्याने तो गुन्हाच. पीक परत येतं, माणूस येत नाही.