आकाश जवळ, वडखळ दूर

दिल्ली व मुंबई या दोन महानगरांतील हवाई अंतर सुमारे साडेअकराशे किलोमीटर. ८ ऑक्टोबर २०२५ रोजी नवी मुंबई विमानतळाचे उद्घाटन झाले आणि २५ डिसेंबरपासून तेथून प्रवासी वाहतूक सुरू झाली. हा विमानतळ रायगड जिल्ह्याच्याच भूमीवर उभा असल्याने पेण-रोह्याच्या माणसाला आकाश अंगणात आल्यासारखे वाटावे, हे स्वाभाविकच होय. या कार्याचे आम्ही मनःपूर्वक स्वागत करतो. परंतु विमानतळाबाहेर पाऊल टाकल्यावर प्रवाशाच्या वेळेचा वाली कोण, हा प्रश्न त्यामुळे सुटत नाही.

ताशी आठशे किलोमीटर वेगाने दिल्लीचे अंतर दीड तासात कापता यावे. वेळापत्रकात मात्र दोन तासांहून अधिक वेळ धरलेला असतो. विमानाचे जमिनीवरील सरकणे, त्याची चढण-उतरण, गर्दीच्या विमानतळावर उतरण्यासाठी करावी लागणारी प्रतीक्षा, हे सारे त्यात आधीच मोजलेले असते. इतके करूनही विमाने वेळेवर सुटतात किंवा नाही, याचे आकडे नागरी विमान वाहतूक महासंचालनालय दरमहा प्रसिद्ध करते. ठराविक मर्यादेपलीकडे विलंब झाला तर प्रवाशाच्या अल्पोपाहाराची सोय करणे विमान कंपनीवर बंधनकारक आहे. म्हणजे आकाशातील मिनिटामिनिटाचा जाब विचारला जातो.

आता जमिनीकडे वळू. पनवेलहून वडखळ अवघे चाळीसएक किलोमीटर. येथेच रस्ता दुभंगतो. एक फाटा अलिबागला जातो, तर महामार्ग नागोठणे-कोलाडवरून पुढे गोव्याकडे निघतो. जिल्ह्याचे ठाणे अलिबागला असल्याने कचेरीत वा न्यायालयात काम असलेला पनवेलचा नागरिक याच वाटेने जातो, आणि पेण-रोह्याकडील अत्यवस्थ रुग्णाला मुंबईस न्यायचे तर याच महामार्गाचा आधार. गणेशोत्सवात तर अवघा कोकण येथून लोटतो. असे असता पळस्पे ते इंदापूर या ८४ किलोमीटरच्या चौपदरीकरणाचे काम २०११ साली सुरू झाले, आणि मुदतीमागून मुदती उलटल्या. वडखळच्या नाक्यावर ज्यांची उमेदीची वर्षे खोळंबली, त्यांच्या तासांची नोंद कोणत्या दप्तरात आहे?

रस्त्याची लांबी सरकारला ठाऊक असते, त्यावरील खर्चही ठाऊक असतो; प्रवाशाचा वेळ मात्र कोणाच्याच खाती पडत नाही. आमच्या मते रोगाचे मूळ येथे आहे. ज्याची मोजदाद नाही त्याची जबाबदारीही नाही.

म्हणून आमची मागणी साधी आहे. पनवेल ते वडखळ आणि वडखळ ते इंदापूर या टप्प्यांस प्रत्यक्ष किती वेळ लागला, याचे आकडे महामार्गाच्या अधिकाऱ्यांनी दरमहा जाहीर करावेत. पावसाळ्याचे व सणासुदीचे वेगळे द्यावेत आणि विलंबाचे कारणही सांगावे. यासाठी नवा पूल बांधावा लागत नाही की नवी जमीन संपादावी लागत नाही. लागते ती फक्त हिशेब देण्याची तयारी.

विमानाने जाणाऱ्याचा तास मोलाचा आणि एस. टी.ने जाणाऱ्याचा कवडीमोल, असा भेद लोकशाहीत चालू देता कामा नये. दिल्लीहून दोन तासांत येणाऱ्याला वडखळला पोहोचण्याची वेळही तितक्याच खात्रीने सांगता येईल, त्या दिवशीच विमानतळ खऱ्या अर्थाने रायगडचा झाला, असे आम्ही म्हणू.