अमर्याद, पण मापात!

गांधीबागेच्या कापडबाजारात मीटर-मीटर मोजून घेणारे गिऱ्हाईक मोबाइलच्या दुकानात मात्र ‘अनलिमिटेड’ या एका शब्दावर भुलते. ऑक्टोबर २०२२ मध्ये देशात फाइव्ह-जी आले. पुढे २३९ रुपयांच्या रिचार्जवरही अमर्याद डेटा मिळू लागला आणि घरोघरी सवय जडली. जुलै २०२४ मध्ये दर वाढले. बड्या कंपन्यांची ही सवलत रोज किमान दोन जीबीच्या प्लॅनपुरती उरली. म्हणजे चिरंजीवांनी हौसेने वेगवान फोन आणला, पण रिचार्ज जुना दीड जीबीचाच ठेवला, तर हाती काय? तेच रोजचे माप! शिवाय फाइव्ह-जीचा सिग्नल गेला की फोर-जीची मोजणी सुरू. सवय लावून मग माप काढणे हा कुठला व्यापार? निदान फोनच्या खोक्याआधी रिचार्जची अट तरी गिऱ्हाइकापुढे ठेवावी.