तिठ्यावरच्या मातीला विज्ञानाचे ठिगळ

परवा एका व्याख्यानात ऐकले: दृष्ट काढताना मीठ-मोहऱ्यांसोबत तिठ्यावरची माती घेतात ती उगाच नव्हे, स्ट्रेप्टोमायसिन मातीतूनच निघाले, म्हणजे आपल्या आज्यांना हे आधीपासून ठाऊक होते. टाळ्या पडल्या. मला संताप आला.

स्ट्रेप्टोमायसिन मातीतल्या जिवाणूपासून मिळाले, हे खरे. पण 1943 मध्ये वाक्समन यांच्या प्रयोगशाळेत शाट्झ यांनी ते शोधले, तेव्हा मूठभर माती कोणावरून उतरवली नव्हती. एकेक जिवाणू निराळा वाढवून कोणता क्षयाच्या जंतूला मारतो ते पाहिले. पुढे ब्रिटनमध्ये 107 क्षयरोग्यांवर चाचणी झाली. 55 जणांना औषध आणि विश्रांती, 52 जणांना नुसती विश्रांती; निष्कर्ष 1948 मध्ये छापून आले. शिवाय हे औषध पोटातून रक्तात जवळजवळ उतरतच नाही, टोचावे लागते. मग लेकराच्या डोक्यावरून उतरवून चुलीत टाकलेली माती ते कोणत्या वाटेने अंगात पोहोचवते? आणि मातीत औषध देणारेच जिवाणू असतात का? धनुर्वाताचे बीजाणूही तिच्यातच वर्षानुवर्षे तग धरतात. नाळेवर माती, राख, शेण लावल्याने किती तान्ही आचके देत गेली! नवजात बाळांच्या धनुर्वाताचे निर्मूलन झाल्याचे आपल्या देशाला 2015 मध्ये सांगता आले, ते लस आणि स्वच्छ बाळंतपणामुळे. मातीला औषध म्हणणारा वक्ता तिला पुन्हा त्या नाळेपर्यंत नेऊन पोहोचवतो.

तिठ्यावर ऊर्जा एकवटते, हा त्याचा दुसरा मुद्दा. कोणती, कशाने मोजली, ते सांगितले नाही.

2013 च्या जादूटोणाविरोधी कायद्याच्या वेळीही असाच गोंधळ घातला गेला. घरात दृष्ट काढणे गुन्हा ठरणार, अशी हूल उठवली. कायद्याने हात घातला तो साप-विंचू चावलेल्याला दवाखान्यापासून अडवून मंत्र घालणाऱ्यांना.

तिठ्यावरून सारा गाव जातो, म्हणून तिथल्या चिमूटभर मातीत साऱ्या गावाची नजर आली, एवढाच त्या मातीचा अर्थ. तो मला पुरेसा वाटतो. आजी दिवेलागणीला ती माती आणायची, माझ्यावरून उतरवायची आणि कडाकडा बोटे मोडायची. तासाभरात ताप उतरला नाही, की तीच मला पदरात गुंडाळून दवाखान्याच्या पायरीवर जाऊन बसायची.