पोर्ट उघडायचंय? थांबा जरा!

छोट्या ऑफिसात सर्व्हर रूम वगैरे नसते. असतो तो एक डबा. कपाटावर धूळ खात पडलेला, हिरवा दिवा लुकलुकवत. बसवणारा कधीच नोकरी सोडून गेलेला. आत जुनं लिनक्स. मग एका शुक्रवारी संध्याकाळी बॉस म्हणतात, "घरून फाइल्स दिसायला हव्यात, ते पोर्ट उघडून टाक ना." आणि ऑफिसात 'कम्प्युटरमधलं कळणारे' फक्त तुम्ही!

फंडा सोपा आहे. आयपी अ‍ॅड्रेस म्हणजे सोसायटीचा पत्ता, पोर्ट म्हणजे फ्लॅट नंबर. एसएसएचचा नेहमीचा नंबर २२, सुरक्षित वेबसाइटचा ४४३. फायरवॉल हा गेटवरचा वॉचमन. २००१ साली आलेल्या २.४ कर्नलपासून लिनक्समध्ये त्याची यादी आयपीटेबल्सने लिहितात, आणि जुन्या डब्यात आजही तेच सापडतं.

हा वॉचमन यादी वरून खाली वाचतो. 'बाकी सगळ्यांना हाकला' ही ओळ आधीच असेल आणि तुम्ही हायफन कॅपिटल ए देऊन नवा नियम शेवटी चिकटवलात, तर उपयोग शून्य. हायफन कॅपिटल आय द्या, नियम सगळ्यात वर बसतो. सर्व्हिस डब्यावरच चालत असेल तर नियम 'इनपुट' चेनमध्ये. डब्यामागच्या दुसऱ्या मशीनवर असेल तर 'फॉरवर्ड'मध्ये, शिवाय 'नॅट' टेबलमध्येही. बरीच मंडळी इथंच गंडतात. आणि नियम सेव्ह करा, नाहीतर लाइट गेली की तोही गेला! डब्याला स्वतःचा वेब स्क्रीन असेल तर नियम तिथूनच टाकलेला बरा.

एवढं करूनही काही होत नाही? डब्याला बाहेरून मिळालेला पत्ता बघा. तो १००.६४ ते १००.१२७ यांतल्या आकड्यांनी सुरू होत असेल, तर इंटरनेट कंपनीने एकच पत्ता अनेकांत वाटलाय. मग तुम्ही कितीही नियम लिहा, बाहेरचा माणूस तुमच्या गेटपर्यंत पोचतच नाही.

पण बॉस, खरी गोची पुढेच आहे. दार नीट उघडलंत, पण आत बसलेला प्रोग्रॅम कधीचा? वेस्टर्न डिजिटलच्या 'माय बुक लाइव्ह' या हार्ड डिस्क आठवतायत? आत लिनक्सच. त्यांचे अपडेट्स २०१५ मध्ये थांबले. लोक वापरत राहिले. जून २०२१ मध्ये इंटरनेटवर उघड्या असलेल्या या डिस्क कुणीतरी दुरूनच फॅक्टरी रीसेट केल्या, त्यातही पासवर्ड न लागणाऱ्या एका चोरवाटेने. अनेकांचे वर्षानुवर्षांचे फोटो, कामाच्या फाइल्स, सगळं साफ. कंपनीचा तातडीचा सल्ला काय, तर डिस्क इंटरनेटवरून काढा!

त्यामुळे डब्याचा लॉगिन स्क्रीन जगाला दाखवूच नका. पोर्ट उघडणं भागच असेल तर नियमात येणाऱ्याचा पत्ताही घाला. बॉसच्या घरचा आयपी पक्का असेल तर फक्त त्यालाच एंट्री. त्याहून बरं म्हणजे आत एक नवं मशीन ठेवून त्यावर वायरगार्ड चालवा, आणि त्याचं तेवढं एक यूडीपी पोर्ट उघडा. जुन्या डब्याकडून वायरगार्डची अपेक्षा नको, ते लिनक्स कर्नलमध्ये आलंच २०२० साली.

आणि शुक्रवारी संध्याकाळी तर हे मुळीच करू नका. सोमवारी करा, आधी फाइल्सचा बॅकअप घेऊन.