तांबडा दिवा

रत्नागिरीच्या माणसाला पेटी म्हटली की आंबाच आठवतो. मी ज्या पेटीची हकिगत सांगणार आहे ती मात्र लोखंडी होती, आणि तिच्यात आंब्यांऐवजी संगणकाच्या चार हार्ड डिस्क होत्या. आढीतला एखादा आंबा डागी निघाला तर तो वेळीच उचलून टाकावा, एवढे शहाणपण आमच्याकडे शेंबड्या पोरालाही असते. मराठीच्या प्राध्यापकाला ते असतेच असे नाही!

गणपतीच्या सुमारास पेटीवरच्या चार हिरव्या दिव्यांपैकी एक तांबडा झाला. सौभाग्यवतीने विचारले, "अहो, हा दिवा तांबडा का?"

"ओव्या ऐकू येताहेत ना? मग असू दे," मी म्हणालो.

ऐकू येत होत्या हे खरे. त्या माझ्या आत्याच्या जात्यावरच्या ओव्या. 2003 साली मी एम. ए. करीत असताना संगमेश्वराकडच्या तिच्या घरी बसून त्या कॅसेटवर घेतल्या होत्या. पुढे त्या संगणकावर उतरविल्या. कोकणातल्या पावसाने कॅसेटींना बुरशी आली तेव्हा त्या खुशाल फेकूनही दिल्या. मग आत्या गेली. तिचा आवाज तेवढा त्या पेटीत उरला.

नवरात्रात एके रात्री दुसरा दिवा तांबडा झाला आणि पेटी मुकी झाली.

बाजारपेठेत माझ्या एका जुन्या विद्यार्थ्याचे संगणकदुरुस्तीचे दुकान आहे. वर्गात तो मागच्या बाकावर बसत असे. त्याला फोन केला. तो म्हणाला, "सर, पेटी बंद करा आणि मी येईपर्यंत कशालाही हात लावू नका. पडद्यावर 'सगळं नव्यानं मांडू का?' असं विचारलं तर होय म्हणू नका. माणसं तिथंच घात करून घेतात."

तो आला. डिस्क बाहेर काढण्यापूर्वी त्याने प्रत्येकीवर 1, 2, 3, 4 असे आकडे घातले, कारण क्रम चुकला तर सगळाच घोटाळा. मग चहा पिता पिता त्याने मला शिकविले.

"सर, तीन मुलांना तीन आकडे लक्षात ठेवायला सांगा. 7, 4 आणि 9. चौथ्याला फक्त बेरीज सांगा, 20. आता 4 वाला मुलगा गैरहजर राहिला तर?"

"वीसातून सात आणि नऊ वजा केले की चार!"

"झालं! पेटी हेच करते. ती बेरजेऐवजी सम-विषम पाहते, आणि बेरजेचं काम एकीच्याच गळ्यात न घालता चौघींना आळीपाळीनं देते, एवढंच. म्हणून एक डिस्क मेली तरी ओव्या ऐकू येत होत्या. पण दोन मुलं गैरहजर राहिली तर वजाबाकी कशी करणार?"

मी गप्प बसलो. पहिल्या तांबड्या दिव्यालाच नवी डिस्क बसविली असती, तर उरलेल्या तिघींनी गेलेलीचा मजकूर तिच्यावर पुन्हा लिहून दिला असता.

हे शास्त्र फार जुने नाही. 1988 साली कॅलिफोर्नियातील बर्कले विद्यापीठाच्या पॅटरसन, गिब्सन आणि कॅट्झ या तिघांनी एक निबंध लिहून अशा मांडणीला 'रेड' हे नाव दिले. त्या नावातल्या शेवटून दुसऱ्या अक्षराचा अर्थ तेव्हा 'स्वस्त' असा होता. पुढे तो 'स्वतंत्र' असा झाला. शब्दांची अशी बढती आम्हा भाषेच्या मास्तरांना नवी नाही.

सुदैवाने दुसरी डिस्क मेली नव्हती, नुसती अडखळत होती. विद्यार्थ्याने तिची आणि दोन्ही धडक्या डिस्कांची नव्या डिस्कांवर जशीच्या तशी नक्कल केली. अडखळणारी जिथे अडे ती जागा सोडून तो पुढे जाई आणि शेवटी त्या जागांकडे पुन्हा वळे. याला दोन दिवस आणि दोन रात्री लागल्या. जुळवाजुळव त्याने नकलांवरच केली. "मुळावर प्रयोग करायचे नसतात, सर," तो म्हणाला. पोथ्यांबद्दल हेच वाक्य मी दरवर्षी वर्गात सांगतो!

मला 'लीळाचरित्र' आठवले. तेराव्या शतकात म्हाइंभटाने चक्रधरस्वामींच्या आठवणी घरोघर हिंडून जमविल्या. महानुभाव परंपरा सांगते की पुढे धाडीच्या धामधुमीत मूळ पोथी गेली, आणि ज्यांना ती मुखोद्गत होती त्यांच्या आठवणीतून ती पुन्हा उभी राहिली. हिराइसेचे नाव त्यात आदराने घेतले जाते. पाठ निरनिराळे झाले, पण ग्रंथ वाचला.

तिसऱ्या दिवशी पेटी बोलू लागली. आधी जात्याची घरघर, मग आत्या. सौभाग्यवती स्वयंपाकघरातून हात पुशीत बाहेर आली. एका ओवीच्या शेवटच्या चरणापाशी मात्र आवाज तुटला. पाच-सहा क्षण नुसती शांतता. डिस्क तिथे कायमची अडखळली होती आणि वजाबाकीला तिसरा आकडाच नव्हता.

मी आत्याच्या सुनेला फोन केला. "वहिनी, या ओवीचा शेवट आठवतो का?"

"आठवायला काय झालं, भावोजी? वीस वर्षं त्यांच्यासमोर बसून जात्याचा खुंटा धरलाय मी," असे म्हणून वहिनीने फोनवरच तो चरण गाऊन दाखविला. आवाज तिचा, चाल आत्याची.

ज्याच्यावर माझा इतका भरवसा होता ते यंत्र म्हणजे दुसरी प्रत नव्हे, हे मला उशिरा कळले. मीच चुकून एखादी ओवी पुसली तर ती चौघींतूनही त्याच क्षणी जाते. आता एक प्रत पुण्याला मेहुण्याकडे असते आणि एक वहिनीकडे. वहिनीला तिची गरज नाही, गरज आहे ती मला.

दिवाळीत दारात पणत्या लावताना आम्ही तेल संपलेली पणती लगेच हेरतो. यंदा मी पेटीवरचेही दिवे मोजले. चारही हिरवे आहेत.