विश्लेषण : घराच्या वाय-फायला नाव कुणाचे द्यावे?

बोईसर पश्चिमेला नवापूर रस्त्यालगतच्या एखाद्या चार मजली इमारतीच्या जिन्यात उभे राहून फोनमधली वाय-फायची यादी उघडली, की दहा-पंधरा नावे सहज समोर येतात. काही इंटरनेट कंपनीने दिलेली, शेपटाला चार-सहा अंक आणि अक्षरे लावलेली. काही आडनावांची, पुढे खोली क्रमांक जोडलेली. एखादे कुलदैवताचे, एखादे धाकट्या मुलीचे, तर एखादे ‘फुकट्यांनो, पुढे व्हा’ छापाचे. दारे बंद असतात, यादी मात्र जिन्यात येणाऱ्या कुणालाही वाचता येते.

राउटरचे नाव बदलणे हे पाच मिनिटांचे काम आहे आणि ते करायलाच हवे. मात्र ते करताना दोन गोष्टी माहीत असाव्यात. नाव बदलल्याने जोडणीला कुलूप लागत नाही आणि जे नाव आपण ठेवतो ते शेजारीपाजारी रोज वाचतात. तिसरी गोष्ट जोडणी देणाऱ्यांसाठी आहे. हे काम ग्राहकाच्या अंगावर टाकून त्यांनी मोकळे होऊ नये.

हे नाव नेमके असते काय?

तांत्रिक भाषेत त्याला एसएसआयडी म्हणतात. राउटर सुरू असेपर्यंत साधारण सेकंदाला दहा वेळा ‘मी इथे आहे, माझे नाव हे’ असा संदेश हवेत सोडत असतो. फोन तो ऐकतो आणि यादीत नाव दाखवतो. ऐकायला पासवर्ड लागत नाही. भिंत, जिना, समोरचा रस्ता, जिथवर लहरी पोहोचतात तिथवर हे नाव जाते.

या नावाची कुठे नोंदणी होत नाही. एकाच नावाची दोन जाळी शेजारी शेजारी असू शकतात. रेल्वे स्थानकांवर रेलटेलची मोफत सेवा ‘रेलवायर’ या नावाने दिसते, पण तेच नाव कुणीही आपल्या फोनच्या हॉटस्पॉटला देऊ शकतो. डहाणू लोकलची वाट पाहणाऱ्याच्या फोनला त्यातला खरा कोण हे नावावरून कळणार नाही. एकदा जोडलेले उघडे, बिनपासवर्डाचे जाळे फोन लक्षात ठेवतो आणि पुन्हा तेच नाव दिसले तर अनेकदा आपणहून जोडला जातो. स्थानकावरून घरी आल्यावर असे जाळे फोनमधून ‘फर्गेट’ करणे, म्हणजे विसरायला लावणे, बरे.

नाव लपवले तर?

राउटरमध्ये नाव लपवण्याची सोय असते आणि अनेकांना ती सुरक्षिततेची युक्ती वाटते. प्रत्यक्षात तिचा उपयोग फारसा नाही. राउटर गप्प बसला, की घरातले फोन त्याला शोधण्यासाठी स्वतःच ते नाव पुकारू लागतात, आणि ते बाजारात, गाडीत, कुठेही. साध्या सॉफ्टवेअरने लपलेले जाळे सापडते. एखादा पाहुणा आला, की नाव अचूक टाइप करून देण्याची कटकट तेवढी उरते.

पासवर्डशिवाय नावाला अर्थ नाही, तो का?

याचे सर्वांत बोलके उदाहरण याच परिसराच्या दक्षिणेला, नवी मुंबईत घडले. २६ जुलै २००८ रोजी अहमदाबादेत बॉम्बस्फोट होण्याच्या काही मिनिटे आधी वृत्तवाहिन्यांना धमकीचा ईमेल आला. त्याचा माग सानपाड्यात भाड्याने राहणाऱ्या एका अमेरिकी नागरिकाच्या घरच्या इंटरनेट जोडणीपर्यंत गेला. त्याचे वाय-फाय दुसऱ्याच कुणीतरी वापरले होते. पुढे २३ ऑगस्टला माटुंग्याच्या खालसा महाविद्यालयाच्या आणि १३ सप्टेंबरला, दिल्लीतील स्फोटांच्या दिवशी, चेंबूरच्या एका कंपनीच्या जोडणीवरून तसेच ईमेल गेले. ऑक्टोबरमध्ये मुंबई पोलिसांनी या प्रकरणात अटका केल्या, त्यांत पुण्यात आयटी क्षेत्रात काम करणारा एक अभियंता होता.

त्यानंतर फेब्रुवारी २००९ मध्ये दूरसंचार विभागाने इंटरनेट कंपन्यांना वाय-फाय जोडण्या सुरक्षित करण्याबाबत सूचना दिल्या. या प्रकरणातला धडा आजही जुना झालेला नाही. पोलिसांना पहिल्यांदा दिसतो तो जोडणीचा आयपी पत्ता, आणि कंपनीच्या दप्तरी त्या पत्त्यासमोर ज्याचे आधार कार्ड लागले आहे त्याचे नाव. राउटरवर ‘साईकृपा’ लिहिले आहे की आणखी काही, याने तपासाच्या त्या टप्प्यावर काहीच फरक पडत नाही.

बोईसरसाठी हे महत्त्वाचे आहे, कारण तारापूर औद्योगिक वसाहतीच्या आधाराने सरावली, पास्थळ, खैरा फाटक या भागांत भाड्याच्या खोल्यांचे दाट जाळे आहे. पाळीत काम करणारे चौघे एका खोलीत राहतात, घरमालकाच्या एका राउटरवर तीन-चार खोल्या चालतात, महिन्याचे पैसे वाटून घेतले जातात. व्यवहार म्हणून यात गैर काही वाटत नाही. पण भाडेकरू बदलतो आणि पासवर्ड तोच राहतो. कंपनी सोडून गेलेला माणूस दोन वर्षांनी खाली चहाला थांबला, तरी त्याचा फोन आपसूक जोडला जातो. अशा घरमालकाने नावाआधी पासवर्ड बदलावा, तोही प्रत्येक भाडेकरू गेल्यावर. राउटरमध्ये ‘गेस्ट नेटवर्क’ असेल तर भाडेकरूंसाठी ते वेगळ्या नावाने चालू करावे. मग घरातला कॅमेरा, प्रिंटर, संगणक त्यांच्यापासून वेगळे राहतात.

नावाचा आणि पासवर्डचा काही संबंध आहे का?

आहे, आणि तो फारसा सांगितला जात नाही. सध्या सर्वाधिक प्रचलित असलेल्या डब्ल्यूपीए-२ पद्धतीत पासवर्ड आणि जाळ्याचे नाव एकत्र करून, ते मिश्रण ४,०९६ वेळा घुसळून किल्ली बनवली जाते. म्हणजे किल्लीत नावाचाही वाटा असतो. त्यामुळे जगभर लाखो राउटरवर असलेले तेच ते कंपनीचे नाव ठेवले, तर हल्लेखोराला त्या नावासाठीच्या संभाव्य किल्ल्या आधीच काढून ठेवता येतात. सर्वाधिक आढळणाऱ्या हजारभर नावांसाठी अशी तयार कोष्टके काही वर्षांपूर्वीच बनवली गेली आहेत. नाव वेगळे असले, की ती कोष्टके निरुपयोगी ठरतात.

पण पासवर्ड दुबळा असेल तर वेगळे नावही वाचवत नाही. आणि दुबळेपणाचा सर्वाधिक दिसणारा नमुना म्हणजे ग्राहकाचा दहा आकडी मोबाइल क्रमांक. जोडणी देणारा मुलगा शिडीवरून उतरतो, ‘नंबर काय तुमचा?’ विचारतो आणि तोच पासवर्ड म्हणून भरतो, कारण तो ग्राहकाला पाठ असतो. तो दूधवाल्याला, शाळेच्या व्हॉट्सॲप गटाला आणि दुकानावरची पाटी वाचणाऱ्यालाही माहीत असतो. वर नावाच्या जागी आडनाव आणि खोली क्रमांक. म्हणजे दारावर पाटी आणि पाटीखाली किल्ली टांगलेली!

मग नाव कसे असावे?

ज्यातून घर ओळखू येत नाही, असे. आडनाव नको, खोली क्रमांक नको, राउटरचे मॉडेल नको. दारावरच्या पाटीवर आडनाव असतेच, मग यात काय बिघडले, असे कुणी म्हणेल. पाटी दारापर्यंत आलेल्याला दिसते. वाय-फायचे नाव रस्त्यावरून जाणाऱ्याला दिसते, घरात राउटर चालू आहे की बंद हेही त्यावरून कळते. कारखान्यात किंवा रुग्णालयात नोकरी करणारी, एकटी राहणारी तरुणी आपले पहिले नाव राउटरला देते, तेव्हा ती कोणत्या मजल्यावर राहते हे लहरींची ताकद पाहत जिना चढणाऱ्याला शोधता येते. आपल्याकडे आडनाव म्हणजे अनेकदा जात आणि प्रांतही. देशभरातून कामाला आलेल्यांच्या गावात ते भिंतीपलीकडे कशाला पाठवायचे?

गमतीची नावे हा वेगळाच प्रकार. ‘पोलीस व्हॅन’ किंवा एखाद्या दहशतवादी संघटनेचे नाव ठेवणाऱ्यांना वाटते, की आता कुणी पासवर्ड मागणार नाही. फ्रान्समधल्या दिजाँ शहरात २०१६ मध्ये अठरा वर्षांच्या एका तरुणाने वाय-फायला आयसिसचे नाव दिले आणि न्यायालयाने त्याला तीन महिन्यांची स्थगित शिक्षा सुनावली. पालघरला तर पडद्यावरचे शब्द पोलीस ठाण्यात किती लवकर पोहोचतात हे कुणी सांगायला नको. नोव्हेंबर २०१२ मध्ये बाळासाहेब ठाकरे यांच्या निधनानंतरच्या बंदबद्दलच्या फेसबुक पोस्टवरून इथल्या दोन तरुणींना अटक झाली होती. त्यांतल्या एकीने पोस्ट फक्त लाइक केली होती. ती कारवाई चुकीचीच होती आणि ज्या कलम ६६अ ची तेव्हा चर्चा झाली, ते सर्वोच्च न्यायालयाने २४ मार्च २०१५ रोजी रद्द केले. पण तोवर व्हायचा तो मनस्ताप होऊन गेला होता. घाबरवणारे किंवा शेजाऱ्याला टोमणा मारणारे नाव सोसायटीत भांडण लावते, आणि पासवर्ड मजबूत असेल तर त्याची गरजही नसते.

आणखी एक छोटी सोय. गूगल आजूबाजूच्या वाय-फायवरून फोनचे ठिकाण ओळखते. आपला राउटर त्या नकाशात नको असेल तर नावाच्या अगदी शेवटी इंग्रजीत अंडरस्कोर देऊन ‘नोमॅप’ हे शब्द जोडून लिहावेत. गूगल असा राउटर वगळते. बाकीचे नकाशेवाले ते मानतीलच असे नाही.

देवनागरीत नाव ठेवता येते का?

बहुतेक नव्या राउटरवर येते आणि आधुनिक फोन ते नीट दाखवतात. जुन्या टीव्हीवर मात्र चौकोन किंवा अगम्य चिन्हे दिसू शकतात. खरी अडचण जागेची आहे. नावासाठी एकूण ३२ बाइट मिळतात. इंग्रजी अक्षराला एक बाइट लागतो, तर देवनागरीतल्या प्रत्येक चिन्हाला तीन, आणि काना, मात्रा, वेलांटी, पाय मोडण्याची खूण हे सगळे वेगळे मोजले जाते. ‘साईकृपा’ २१ बाइटांत मावते. ‘मातोश्री निवास’ला ४० लागतात, म्हणून राउटर ते नाकारतो आणि कारण सांगत नाही. माणसाला वाटते, राउटर बिघडला. हा नियम बनला तेव्हा काना-मात्रांचा विचार कुणाच्या डोक्यात होता, असे दिसत नाही. तेव्हा मराठी नाव ठेवायचे तर दहा चिन्हांच्या आत बसेल असे निवडावे.

बदलायचे कसे आणि बदलल्यावर काय बंद पडते?

जिओ आणि एअरटेलच्या ग्राहकांना कंपनीच्या ॲपमधूनच नाव आणि पासवर्ड बदलता येतो. स्थानिक ऑपरेटरची जोडणी असेल तर राउटर पालथा करून खालचे लेबल वाचावे. त्यावर १९२.१६८.१.१ सारखा पत्ता असतो. राउटरला जोडलेल्या फोनच्या ब्राउझरमध्ये तो इंग्रजी अंकांत टाइप करायचा, लेबलवरचे नाव-पासवर्ड टाकून आत जायचे आणि ‘वायरलेस’ किंवा ‘डब्ल्यूलॅन’ या भागात एसएसआयडीच्या चौकटीत नवे नाव लिहून सेव्ह करायचे. दोन पट्टे असतील, २.४ आणि ५ गिगाहर्ट्झ, तर दोन्हींकडे पाहावे, एकीकडे जुने नाव राहून जाते. तिथेच सुरक्षेचा प्रकार डब्ल्यूपीए-२ किंवा डब्ल्यूपीए-३ आहे ना हे तपासावे, आणि राउटरच्या आत शिरण्याचा पासवर्डही बदलावा. तो ‘ॲडमिन’ असा ठेवला, तर वाय-फायवर आलेला कुणीही घरमालक होऊन बसतो.

सेव्ह करताच घरातली प्रत्येक वस्तू तुटते. फोन पुन्हा जोडणे सोपे. टीव्ही, प्रिंटर आणि विशेषतः दारावरचा कॅमेरा यांना नवे नाव एकेक करून शिकवावे लागते. कॅमेरा गुपचूप बंद पडतो आणि गरज लागेल त्या दिवशी चित्रीकरण नसते. म्हणून हे काम सुटीच्या दिवशी सकाळी करावे, सगळे कामावर निघाल्यावर नव्हे. राउटरच नवा घेतला असेल आणि जुने नाव-पासवर्ड बरे असतील, तर तेच जसेच्या तसे नव्यात भरावेत. बहुतेक वस्तूंना बदल कळतही नाही.

हे काम कुणाचे?

ब्रिटनमध्ये २९ एप्रिल २०२४ पासून सगळ्यांना सारखाच किंवा सहज ओळखता येईल असा मूळ पासवर्ड घालून इंटरनेटला जोडणारी उपकरणे विकायला कायद्याने बंदी आहे. आपल्याकडे त्याची वाट पाहत बसण्याचे कारण नाही. जोडणी देणारा माणूस घरात आलेलाच असतो, राउटरचे पान त्याच्या फोनवर उघडलेले असते. त्याने मोबाइल क्रमांक विचारण्याऐवजी ग्राहकाला स्वतःच्या हाताने नवे नाव आणि बारा अक्षरांचा पासवर्ड टाइप करायला लावायचा, एवढीच अपेक्षा आहे. त्याच्या मालकाला दिवसाला किती जोडण्या झाल्या हे मोजायचे असते, हे खरे. मग त्या मोजणीत ही पाच मिनिटेही धरावीत. महिन्याचे पैसे घेणाऱ्याकडून एवढे मागणे जास्त नाही.

आणि दुरुस्तीला कुणी आले तर एक लक्षात ठेवावे. राउटरच्या मागच्या बारीक भोकात टाचणी खुपसली, की सगळे पुसले जाऊन कारखान्यातले नाव आणि लेबलवरचा पासवर्ड परत येतो. तो गेल्यावर यादी उघडून पाहावी. तिथे कंपनीचेच नाव दिसत असेल, तर त्याला जिन्यातूनच परत बोलवावे.