कॅमेऱ्यातील काच आणि डोळ्यांपलीकडचा प्रकाश

हल्ली बहुतेक सुशिक्षित घरांतून एखादा जुना डिजिटल कॅमेरा कपाटात पडून असलेला आढळतो. कोणे एके काळी मुंजी-लग्नाच्या निमित्ताने तो हौसेने घेतलेला असतो. पुढे मोबाइल आला आणि त्याची बूज राहिली नाही. अशा घरातील कॉलेजात जाणारा मुलगा किंवा मुलगी जेव्हा म्हणते की, "हा कॅमेरा उघडून आतली एक काच काढू द्या, म्हणजे आकाशातील तेजोमेघ टिपता येतील," तेव्हा वडील मंडळींच्या कपाळास आठ्या पडतात. चालती वस्तू मोडण्यात कसले आले शास्त्र, असे त्यांस वाटते. तरुणांस मात्र घरच्यांना विज्ञानाची कदर नाही असे वाटू लागते. या तंट्याचा निवाडा करण्यापूर्वी ती काच कोणती, ती तेथे का असते आणि ती काढल्याने काय लाभते व काय जाते, हे नीट समजून घेणे उचित होय.

आपल्या डोळ्यांस जांभळ्यापासून तांबड्यापर्यंतचा, म्हणजे सुमारे ४०० ते ७०० नॅनोमीटर तरंगलांबीचा प्रकाश दिसतो. तांबड्याच्या पलीकडेही किरण आहेत, हे विल्यम हर्शेल यांनी १८०० साली लोलक व उष्णतामापक यांच्या साह्याने दाखवून दिले. त्यांसच आपण अवरक्त किरण म्हणतो. डिजिटल कॅमेऱ्यातील सिलिकॉनच्या पटलास हे किरण सुमारे १,१०० नॅनोमीटरपर्यंत जाणवतात. ते तसेच आत येऊ दिले, तर चित्रातील रंग बिघडतात. म्हणून कारखानदार पटलापुढे एक निळसर झाक असलेली गाळणकाच बसवितो. ती अवरक्त किरण अडविते आणि चित्र आपल्या डोळ्यांस रुचेल असे करते.

परंतु ही काच आपले काम जरा अधिकच उत्साहाने करते. तापलेला हायड्रोजन वायू ६५६.३ नॅनोमीटरच्या गडद तांबड्या रंगात तळपतो. तो प्रकाश दृश्य असूनही साधारण कॅमेऱ्याची काच त्याचा जेमतेम पाव हिस्सा पलीकडे जाऊ देते. आकाशातील बहुतेक तांबडे तेजोमेघ याच वायूचे असल्यामुळे ते फिके उमटतात. १८ ऑगस्ट १८६८ च्या खग्रास ग्रहणात जान्सेन या फ्रेंच ज्योतिर्विदाने गुंटूर येथून सूर्याच्या कडेवरील ज्वाळांचा वर्णपट पाहिला, तेव्हा हायड्रोजनच्या याच रंगाची रेषा त्यात झळकत होती. पुढे २२ जानेवारी १८९८ च्या ग्रहणात पुण्याच्या सायन्स कॉलेजातील प्रा. कावसजी दादाभाई नायगमवाला यांनी सोलापूर जिल्ह्यातील जेऊर येथे तळ ठोकून सूर्याच्या वर्णपटाची छायाचित्रे घेतली. डोळ्यांस न पेलणारे काम छायाचित्राकडून करून घेण्याची ही परंपरा महाराष्ट्रास नवी नाही.

आता कॅमेऱ्यातील फेरफाराविषयी. तो तीन प्रकारचा असतो. पहिल्यात मूळ काच काढून तिच्या जागी हायड्रोजनचा तांबडा प्रकाश जाऊ देणारी, पण अवरक्त अडविणारी काच बसवितात. आकाशासाठी हा प्रकार उत्तम. दुसऱ्यात केवळ पारदर्शक काच बसवितात व लागेल ती गाळणी भिंगापुढे लावतात. तिसऱ्यात ७२० नॅनोमीटरच्या आसपासची, दृश्य प्रकाश बहुतांशी अडविणारी काच कायमची बसवून कॅमेरा अवरक्तापुरताच राखून ठेवतात. ही मागणी ओळखून कॅनन कंपनीने २००५, २०१२ व २०१९ साली आणि निकॉनने २०१५ साली आकाशचित्रणासाठी खास कॅमेरे काढले होते. म्हणजे ही काही पोरखेळाची कल्पना नव्हे.

काच काढून जागा रिकामी ठेवली तर मात्र फसगत होते. एक मिलिमीटर जाडीची काच प्रतिमेस सुमारे एक तृतीयांश मिलिमीटर मागे सारते. ती गेली की प्रतिमा तेवढी पुढे पडते. मग काही भिंगांनी दूरचे तारे स्पष्ट दिसतच नाहीत. म्हणून तितक्याच प्रकाशीय जाडीची दुसरी काच बसविणे अगत्याचे असते. याखेरीज अवरक्त किरण भिंगातून किंचित वेगळ्या ठिकाणी एकवटतात. जुन्या भिंगांवर अंतराच्या आकड्यांशेजारी एक लहानसा तांबडा ठिपका असे, तो यासाठीच.

आमच्या खानदेशास या विद्येचे प्रयोजन काय, असे कोणी विचारील. एक तर आकाश. चाळीसगावजवळील पाटण येथे भास्कराचार्यांचे नातू चांगदेव यांनी आजोबांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठी मठ स्थापिल्याचा शिलालेख आहे, डॉ. भाऊ दाजी लाड यांनी तो उजेडात आणला. त्या भूमीतील मुलांनी आकाशाकडे पाठ फिरवावी, हे शोभत नाही. जळगावचे अक्षांश सुमारे २१ अंश असल्यामुळे धनू राशीतील तेजोमेघ येथून क्षितिजावर ४५ अंशांपर्यंत चढतात. लंडनच्या माणसास ते १४-१५ अंशांवरच पाहावे लागतात. रावेर तालुक्यातील पालसारख्या सातपुड्याच्या गावी गेल्यास शहराच्या दिव्यांचा उपद्रवही कमी. मात्र उन्हाळ्यातील उष्ण रात्री कॅमेऱ्यास मानवत नाहीत. पटलाचे तापमान सहा-सात अंशांनी वाढले की त्यावरील खोट्या ठिपक्यांना कारण होणारा प्रवाह जवळजवळ दुप्पट होतो. म्हणून आरंभ थंडीत, मृग नक्षत्रापासून करावा. त्या नक्षत्राभोवतालचे विशाल तांबडे कडे बर्नार्ड यांनी १८९४ साली छायाचित्रात टिपले होते. ते नुसत्या डोळ्यांस दिसत नाही, पण फेरफार केलेल्या कॅमेऱ्यात उमटते.

दुसरे, शेती. निरोगी पान अवरक्त किरण मोठ्या प्रमाणात परतवून लावते. म्हणूनच वुड यांनी १९१० साली प्रसिद्ध केलेल्या अवरक्त चित्रांत झाडे बर्फाने माखल्यासारखी शुभ्र दिसली. पान आजारी पडले की हे परावर्तन बदलते. रावेर-यावलच्या केळीबागांवर अशी नजर ठेवता येईल. अर्थात हा इशारा होय, निदान नव्हे. रोग कोणता हे तज्ज्ञानेच सांगावे.

तिसरे प्रयोजन आम्हांस सर्वांत जिव्हाळ्याचे वाटते. धुळ्यास राजवाडे संशोधन मंडळ आहे, समर्थ वाग्देवता मंदिर आहे. तेथे आणि आमच्या अनेक वाचकांच्या घरच्या पेटाऱ्यांतही जुन्या पोथ्या व मोडी कागद आहेत. आपल्या पूर्वजांची शाई बहुधा काजळाची. काजळ अवरक्त किरण शोषून घेते, म्हणून अक्षर काळेच राहते; उलट ओलीचे, तेलाचे वा रंगाचे कित्येक डाग त्या प्रकाशात फिके पडतात. मृत समुद्राकाठी सापडलेल्या काळवंडलेल्या प्राचीन लेखांची अक्षरे अवरक्त छायाचित्रांनीच वाचता आली. आपल्या पणजोबांच्या हातचा डागाळलेला कागद वाचता न आल्यामुळे घराण्याचा एखादा दुवा तुटलेला असेल, तर तो जुळण्याची आशा येथे आहे. लोहयुक्त शाई मात्र या प्रकाशात उलट पुसट होते, हे ध्यानात ठेवावे.

आता धोके. ज्या कॅमेऱ्यात फ्लॅश असतो, त्यातील विद्युत्संचायकात बॅटरी काढल्यावरही सुमारे ३०० व्होल्टचा दाब राहू शकतो. त्याचा झटका जीवावरही बेतू शकेल. आतील फिती नाजूक असतात आणि पटलावर बसलेला एक धूलिकण प्रत्येक चित्रात दिसतो. सबब हे काम जाणत्या कारागिराकडून करवून घ्यावे. अवरक्त गाळणी काळीभोर दिसते, म्हणून तिच्यातून सूर्याकडे पाहण्याचा मोह होतो. तो कटाक्षाने टाळावा, कारण सूर्याची उष्णता तिच्यातून सुखेनैव डोळ्यांत शिरते. शिवाय असा कॅमेरा घरच्या कार्यात पूर्वीसारखा उपयोगी पडत नाही. चेहरे तांबूस येतात.

प्रथम एक बिनखर्चाचा प्रयोग सर्वांनी मिळून करावा. टीव्हीच्या रिमोटचे टोक मोबाइलच्या पुढील कॅमेऱ्यासमोर धरून बटण दाबावे. पुष्कळ मोबाइलांत डोळ्यांस न दिसणारा दिवा लुकलुकताना दिसतो. घरातील आजीबाईंनाही त्याची मौज वाटेल आणि तरुणांचे म्हणणे काय आहे, हे आपोआप कळेल.

आमचा निवाडा असा: घरात एकच चालता कॅमेरा असेल तर त्यास हात लावू नये. दुसरा निरुपयोगी पडून असेल तर वडिलांनी तो खुशाल द्यावा, मात्र त्यासोबत एक अट घालावी. पहिले चित्र तेजोमेघाचे असो, पण दुसरे पेटाऱ्यातील त्या कागदाचे असावे. आकाशाचे वेड आणि घराण्याची आठवण ही दोन्ही एकाच काचेमुळे अडून राहिली असतील, तर ती काच काढण्यात वस्तू मोडल्याचे दुःख मानू नये.